अण्णा, तंबू आणि झऱ्याचं पाणी

थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएण्डला काय करायचं, ही चर्चा आमच्या अटलांटाच्या ऑफिसात ऑक्टोबरपासूनच सुरू होते. कुणी ऑर्लँडोला जातं, कुणी सेलच्या रांगेत उभं राहतं, कुणी चार दिवस पांघरुणाबाहेर येतच नाही. मी या तिसऱ्या पार्टीतली. पण गेल्या नोव्हेंबरात माझ्या घरी अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. रिटायर्ड सुभेदार, वय ७३, मुक्काम खटाव तालुका, जिल्हा सातारा. ताईच्या बाळंतपणासाठी आई आणि अण्णा न्यू जर्सीला आले. आईची ड्युटी लगेच सुरू झाली. बाळाची मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू... तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. अण्णांना मात्र पोस्टिंगच नाही! पहाटे पाचला उठून ते मदत म्हणून भांडी लावायचे आणि त्या आवाजाने बाळ उठायचं. पंधराव्या दिवशी ताईचा फोन आला, "तू घेऊन जा गं त्यांना थोडे दिवस." झाली बदली. न्यू जर्सी टू अटलांटा.

इथेही वेगळं काही नव्हतं. मी सकाळी आठला लॅपटॉपमध्ये डोकं घालणार, संध्याकाळी सातला बाहेर काढणार. अण्णा दिवसभर खिडकीत. खाली पार्किंग लॉट. चालायला जावं तर फूटपाथ मध्येच संपतो. आमचा संवाद म्हणजे, "जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." बस्स.

एका रात्री मी हिशोब केला. शिक्षणासाठी घर सोडून मला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत अण्णांशी सलग एक तास कधी बोललेय? एकही तास आठवेना. त्यांचं परतीचं तिकीट डिसेंबरातलं. मला जाम टेन्शन आलं.

मार्ग काढला ऋतुजाने. ऋतुजा म्हणजे माझी रूममेट, सह्याद्रीतले निम्मे किल्ले पालथे घातलेली. म्हणाली, "फौजी माणसाला मॉलमध्ये काय फिरवतेस? तंबूत ने की!"

तीन तासांवरचं पाणी

अटलांटाहून तीन-साडेतीन तासांच्या ड्राइव्हवर मिलेन नावाचं छोटंसं गाव आहे. त्याच्या उत्तरेला साधारण आठ किलोमीटरवर मॅग्नोलिया स्प्रिंग्ज स्टेट पार्क. हजार एकरांहून थोडं मोठं, १९३९ पासूनचं. नायगरा किंवा ग्रँड कॅन्यनसारखं फोटो काढून मिरवण्याचं हे ठिकाण नाही. गुजराती, तेलुगू, मराठी कुठल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव दिसत नाही. ऋतुजाने ते निवडलं, कारण तंबूची जागा रिकामी होती. इतकं सोपं!

हायवे सोडला आणि दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं सुरू झाली. वेचणी झालेली, गठ्ठे बांधून ठेवलेले. अण्णा चार आठवड्यांत पहिल्यांदा ताठ बसले. "जमीन हलकी हाय," ते म्हणाले. "पर पानी हाय."

पाणी खरंच होतं. पार्कमध्ये शिरून गाडी लावली आणि लाकडी पुलावरून आम्ही झऱ्यावर गेलो. चुनखडीच्या खडकातून जमिनीखालचं पाणी वर येतं आणि निळसर-हिरवा डोह होऊन पसरतं. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत, मासे, पोहणारी कासवं सगळं स्वच्छ दिसतं. ना पंप, ना धरण. तरी दिवसाला सुमारे ७० लाख गॅलन पाणी बाहेर पडतं.

"लिटरमध्ये सांग," अण्णा म्हणाले.

मी मोबाइलवर गुणाकार केला. साधारण २ कोटी ६५ लाख लिटर.

अण्णा कठड्याला हात टेकून उभे राहिले. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागले. "धा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वीसशे पन्नास टँकर. रोज."

खटाव-माणचा माणूस पाणी टँकरमध्येच मोजतो. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात टँकर आला की सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन पळायची. आई एका हंड्यासाठी कशी भांडायची, ते मला अजून दिसतं. इथे रोज सव्वीसशे टँकर पाणी कुणीही न भांडता वाहून जात होतं. अण्णा अर्धा तास तिथून हलले नाहीत. ऋतुजा आणि मी तंबू ठोकायला गेलो.

बेचाळीस एकरांचा तुरुंग

तंबू उभा राहिला, चहा झाला आणि मग आम्ही माहितीचे फलक वाचत फिरायला निघालो. मला वाटलं होतं, झाडांची नावं वगैरे असतील. निघालं भलतंच.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि उत्तर विरुद्ध दक्षिण असा रक्तपात चालला. जॉर्जिया दक्षिणेच्या बाजूला. याच राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेने उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी छावणी काढली होती. चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५ हजार कैदी आले आणि जवळजवळ १३ हजार मेले. ओढा एकच होता आणि प्यायचं पाणी नि घाण एकाच पाण्यात. १८६४च्या उन्हाळ्यात तर साडेसव्वीस एकरांत ३० हजारांहून जास्त माणसं कोंबली होती.

मग नवी जागा शोधायची वेळ आली. रेल्वे जवळ हवी, लाकूड हवं आणि मुख्य म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी हवं. तिन्ही गोष्टी इथे मिळाल्या. गुलाम आणि कैदी यांच्याच श्रमातून १८६४च्या शरदात पाइनच्या ओंडक्यांची उंच भिंत उभी राहिली. ४२ एकर. नाव, कॅम्प लॉटन. जगातला सर्वांत मोठा तुरुंग, असं तो बांधणारा जनरल विंडर अभिमानाने सांगायचा. ऑक्टोबरात कैद्यांच्या गाड्या यायला लागल्या आणि नोव्हेंबरपर्यंत आत दहा हजारांहून जास्त माणसं झाली.

झऱ्याचा प्रवाह भिंतीच्या आतून वाहत होता. वरच्या अंगाला प्यायचं पाणी, खालच्या अंगाला बाकीचं. अँडरसनव्हिलहून आलेल्यांना हे पाणी म्हणजे स्वर्गच वाटला असणार. पण छप्पर? ते कुणीच दिलं नव्हतं. कैद्यांनी फांद्या, माती, फाटकी घोंगडी जे मिळेल त्याचे आडोसे केले. थंडी पडली, पाऊस लागला, खायला पुरेसं नव्हतं. शेकडो माणसं मेली. त्यांची प्रेतं पुढे १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवली गेली.

याच महिन्यात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. कैद्यांनी आतल्या आत आपलं मतदान घेतलं. मोजणीत लिंकन जिंकले! उपाशी, आजारी, घरापासून शेकडो मैल दूर, आणि लढाई लवकर थांबवण्याची आशा दाखवणारा उमेदवार समोर असताना. हे वाचून मी फलकासमोर दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

मग अटलांटा जाळून जनरल शर्मनची साठ हजारांची फौज समुद्राकडे निघाली. तारीख १५ नोव्हेंबर १८६४. आम्ही ज्या दिशेने गाडी आणली, साधारण त्याच दिशेने. ती जवळ येतेय म्हटल्यावर दक्षिणवाल्यांनी घाईघाईत कैदी गाड्यांत भरले आणि दुसरीकडे हलवले. छावणी जेमतेम सहा आठवडे चालली. रिकामी झाली तो आठवडा कोणता? थँक्सगिव्हिंगचाच! लिंकन यांनी आदल्याच वर्षी हा दिवस देशभर पाळायचं आवाहन केलं होतं आणि १८६४ मध्ये तो २४ नोव्हेंबरला आला. लिंकन यांना मत देणारी ती माणसं तेव्हा मालगाडीच्या डब्यात होती.

मी हे सगळं अण्णांना मराठीत सांगत होते. ते काही बोलत नव्हते. टेकडीवर मातीचे जुने बुरूज अजून आहेत. गवताने झाकलेले, आपल्याला नुसते उंचवटे वाटतील. अण्णा मात्र वर चढले, वळले, डोळे बारीक करून खाली बघितलं.

"तोफांची तोंडं आत व्हती," ते म्हणाले. "कैद्यांवर."

फलकावर नंतर मी तेच वाचलं. छावणीवर नजर ठेवायला हे मोर्चे होते. अण्णांना ते वाचावं लागलं नाही.

पिठलं, ठेचा आणि १९७२

संध्याकाळी शेकोटीची सूत्रं अण्णांनी ताब्यात घेतली. ऋतुजाने यूट्यूबवर शिकलेली पद्धत दाखवायचा प्रयत्न केला. "बाजूला व्हा," एवढंच उत्तर मिळालं. एका काडीत जाळ. तीन दगड मांडून चूल. त्यावर पिठलं रटरटलं. भाकऱ्या घरून आणल्या होत्या, ठेचा डब्यात होता. पाराही चांगलाच खाली उतरला होता. तिघं चुलीभोवती सरकून बसलो.

मी सहज विचारलं, "अण्णा, तुम्ही कधी बघितला होता का असा कॅम्प?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरी अण्णांच्या फौजेच्या गोष्टी नाहीतच. लहानपणी विचारलं की एकच उत्तर, "मी काय लढाई बघितली न्हाय." १९७१ साली ते भरती झाले आणि डिसेंबरात लढाई सुरू होऊन संपली, तेव्हा ते बेळगावला ट्रेनिंगमध्ये होते. गावातले दोघं पुढे जाऊन आले. त्यांचे सत्कार झाले. अण्णांची लढाई चुकली. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं होतं की अण्णांकडे सांगण्यासारखं काही नाही.

"बघितला की," ते म्हणाले. "पहाऱ्याला व्हतो."

१९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार कैदी भारताच्या ताब्यात आले. हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्या ९३ हजारांना ठेवलं कुठे, खायला कुणी घातलं, राखण कुणी केली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. उत्तरेत ठिकठिकाणी छावण्या होत्या. सिमला करार १९७२च्या जुलैत झाला, पण कैद्यांची परतपाठवणी १९७३च्या सप्टेंबरात सुरू होऊन १९७४च्या एप्रिलमध्ये संपली. या मधल्या काळात वीस वर्षांचे अण्णा रायफल घेऊन तारेबाहेर उभे होते.

"बराकी व्हत्या. छप्पर व्हतं, रेशन व्हतं," अण्णा म्हणाले. "हितल्यासारखं न्हाय. पर तार ती तारच."

कैद्यांशी बोलायची सक्त मनाई. पण रात्रीचा पहारा लांब असतो. तारेपलीकडे एक कैदी यायचा. चाळिशीचा, पंजाबकडचा, शेतकरी. अण्णांना पंजाबी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. दोघांचं मोडकंतोडकं हिंदी.

१९७२ म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना पाकिस्तान आठवत नाही. त्यांना दुष्काळ आठवतो. त्या वर्षी खटावात विहिरी आटल्या. अण्णांचे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो मिळत होता. गुरं विकली. हे सगळं मास्तरांकडून लिहून घेतलेल्या पत्रातून छावणीत पोचलं. अण्णा त्या रात्री पहाऱ्यावर रडत होते.

"त्यानं इचारलं, घरी कोन गेलं का? मी म्हनलं, न्हाय. पाऊस न्हाय."

"मग?"

"मग काय. गप बसला जरा. म्हनला, आमच्यात कालवा हाय. तुझ्याकडं सोडता आला असता तर सोडला असता."

चुलीत लाकूड फुटलं. ऋतुजा तोंडावर हात ठेवून बसली होती.

"त्याला घरची पत्रं यायची?" मी विचारलं.

"यायची. कधी लौकर, कधी महिन्यांनी. आलं की सगळी गोळा व्हायची. एकाचं पत्र धा जनं वाचायची." मग थोडं थांबून, "एक दिवस गाडी आली. गेली समदी. सकाळी बराक मोकळी. नाव पन इचारलं न्हाय मी. इचारायचं नसतं."

त्रेपन्न वर्षं ही गोष्ट अण्णांनी कुणाला सांगितली नव्हती. आईलाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "त्यात सांगन्यासारखं काय हाय? लढाई थोडीच व्हती."

मातीखाली राहिलेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावरून वाफ उठत होती. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान बारा महिने जवळपास सारखंच असतं, त्यामुळे हवा गार पडली की पाणी श्वास सोडतंय असं दिसतं. एकदम सॉलिड दृश्य! अण्णा आमच्या आधीच तिथे हजर होते. कानटोपी, स्वेटर, वर माझं ऑफिसचं जॅकेट.

पार्कमध्ये कॅम्प लॉटनवरचं छोटं म्युझियम आहे. त्याची गोष्टही भारी आहे. छावणी रिकामी झाल्यावर तिच्यावर जंगल वाढलं. इथे काही उरलं नसेल, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. मग जॉर्जिया सदर्न युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी खोदायला घेतलं आणि २०१०च्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली. भिंतीचा माग लागला होता. शेजारच्या मत्स्यबीज केंद्राच्या जमिनीत कैद्यांच्या वस्तू जशाच्या तशा पडल्या होत्या. नाणी, बकल, अंगठी, दातांच्या खुणा असलेला पाइप. छावणी सहाच आठवडे चालली आणि घाईत सोडली, म्हणून हे राहिलं.

आत काय काय होतं, हे आपल्याला आणखी एका माणसामुळे दिसतं. रॉबर्ट नॉक्स स्नेडन, उत्तरेच्या सैन्यातला नकाशे काढणारा. तोही इथे कैदी होता. त्याने या छावणीची चित्रं काढली. ती बरीच वर्षं कुणाला माहीतच नव्हती. १९९४ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका बँकेच्या तिजोरीत त्याच्या चित्रांच्या वह्या सापडल्या.

तिजोरीतल्या वह्यांबद्दल ऐकल्यावर मी अण्णांकडे बघितलं. अण्णांची वही नव्हती. ते पहाऱ्यावर होते आणि पहारेकऱ्यांचं कुणी काही लिहून ठेवत नाही. शेकोटीजवळ विचारलं नसतं तर हे सगळं तसंच खटावला परत गेलं असतं.

परतीच्या साडेतीन तासांत मी गाडी चालवली आणि अण्णा बोलत होते. मिलोच्या भाकरीची चव, छावणीतला एक हेडमास्तर कैदी, पहिल्या पगाराची मनीऑर्डर. ऋतुजा मागच्या सीटवर मोबाइलमध्ये रेकॉर्ड करत होती. मेकनच्या अलीकडे ते एकदम थांबले.

"असंल का गं तो आता?"

मी मनात हिशोब केला. तेव्हा चाळीस, म्हणजे आता नव्वदीच्या पुढे. काय बोलावं कळेना.

"असंल," अण्णांनीच उत्तर दिलं. "कालव्याकाठचा मानूस हाय."

रात्री त्यांनी आईला फोन लावला. नेहमीसारखं "जेवलीस का" एवढ्यावर थांबले नाहीत. "अगं, तुला एक सांगायचं राहिलं," अशी सुरुवात केली. मी हळूच दार ओढून घेतलं आणि चहा ठेवायला गेले.

तुम्हीही जाणार असाल तर...

- ऑनसाइट असलेल्या मंडळींनो, ऑक्टोबर ते एप्रिल हा उत्तम काळ. उन्हाळ्यात उकाडा आणि डास दोन्ही हैराण करतात.
- तंबूची जागा किंवा कॉटेज आधी बुक करा. पार्क आणि म्युझियमच्या वेळा निघण्यापूर्वी अधिकृत साइटवर बघून घ्या.
- झऱ्यात उतरायचं नाही! पाणी कितीही खुणावलं तरी. इथे ॲलिगेटर आहेत आणि ते सुट्टीवर नसतात.
- सरपण घरून नेऊ नका, तिथल्या भागातच विकत घ्या. लाकडातून झाडांची कीड पसरते.
- जमिनीत काही दिसलं तर उचलू नका. मेटल डिटेक्टर तर अजिबात नाही. ती कुणाची तरी शेवटची वस्तू असू शकते.
- रात्री थंडी चांगलीच पडते. स्लीपिंग बॅग जाड घ्या. ठेचा जास्त घ्या.
- आणि शक्य असेल तर घरातलं एक मोठं माणूस बरोबर न्या. शेकोटी पेटली की एकच प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा.